भिंतीची चव

“बाय, भिंत मोकली हाय का?”

आमचे घरमालक दारात उभे राहून हे विचारायचे. घरात कोण आहे, जेवणं झाली का, मास्तरीणबाई कामात आहेत का, असली चौकशी नाही. भिंत मोकळी आहे का, एवढंच. मी हो म्हटलं की चपला बाहेर काढून आत यायचे, कपाट आणि खाट यांच्या मधल्या जागेत उभे राहायचे आणि हातातल्या काठीनं भिंत वाजवायचे. काठीच्या टोकाला लाकडाचा गोळा बसवलेला होता, लिंबाएवढा. भिंत खणखणीत वाजली की पुढे सरकायचे. बद्द वाजली की खिशातला खडू काढून तिथे एक गोल करायचे. शाळेत दिवसभर खडू खाऊन मी घरी यायची तर घरातही खडू. आणि तो गोल पुसायची सोय नाही. पुसला तर काकांचा चेहरा पडायचा, आपण त्यांची वहीच फाडली असल्यासारखा.

उरणच्या बाजूला, ट्रेलर धावतात त्या रस्त्याच्या मागे त्यांची इमारत होती. तळमजल्यावर ते आणि काकू, वरच्या दोन मजल्यांवर आम्ही सहा भाडेकरू. मी जवळच्या गावातल्या शाळेत शिकवायची, नवरा कंटेनरच्या यार्डात सुपरवायझर. नऊ वर्षं आम्ही तिथे काढली. आता गावाकडे माझंच एक घर मी भाड्यानं दिलंय, आणि नळ गळतोय असा भाडेकरूचा फोन आला की मला प्लंबरच्या आधी काका आठवतात. आणि लगेच थोडी लाजही वाटते. तिचं कारण पुढे येईलच.

काका मूळचे मिठागरातले. आजा मिठागरात, बाप मिठागरात, हेही पन्नाशीपर्यंत मिठागरात. मग जमीन बंदराकडे गेली, मिठागर बुजलं, आणि हाती जे आलं त्यातून त्यांनी ही इमारत उभी केली. तिकडे ज्याच्या दोन खोल्या भाड्यानं असतील त्याला लोक शेठ म्हणतात. काकांना शेठ म्हटलं की खपायचं नाही. शेठ म्हणजे जो रिपेर करत नाही तो, अशी त्यांची व्याख्या होती. आमच्या वरचा ड्रायव्हर एकदा सवयीनं शेठ म्हणाला, तर काकांनी त्याचा नळ दुरुस्त करायचं अर्धवट ठेवलं, खाली जाऊन पाणी पिऊन आले, आणि मग उरलेला दुरुस्त केला. तेवढी शिक्षा पुरे असं त्यांना वाटलं असावं.

त्यांची माझी पहिली भेटच विचित्र. घर बघायला आम्ही दोघं गेलो तर आत एक म्हातारा बनियनवर बसून वाकट्यांचं कालवण भाताशी कालवत होता. मला वाटलं जुना भाडेकरू अजून गेला नाही. मी म्हटलं, घरमालक कुठे भेटतील? तो म्हणाला, जेवतायत. मग हात धुऊन त्यांनी आम्हाला घर दाखवलं. घर दाखवणारा माणूस चांगलं ते सांगतो. ह्यांनी वाईट तेवढं सांगितलं. मोरीचं पाणी सावकाश जातं. दुपारी तीनला ऊन थेट चुलीवर येतं, त्या वेळी फोडणी घालू नका, डोळे दिपतात. खिडकीची खालची कडी वाऱ्यात वाजते, झोपेत लहान पोर दचकेल. शेजारच्या नळाचा आवाज भिंतीतून येतो, तो चोराचा नव्हे.

हे सगळं त्यांना ठाऊक असायचं कारण रिकाम्या घरात नवा भाडेकरू येण्याआधी ते स्वतः आठ दिवस राहायचे. तळमजल्यावर स्वतःचं घर असताना. तिथेच जेवण, तिथेच अंघोळ, तिथेच झोप. अंथरूण एका जागी नाही, रोज वेगळ्या कोपऱ्यात. काकू खालून डबा पाठवायच्या आणि जिन्यात भेटेल त्याला सांगायच्या, “आमच्या लग्नात पन ह्यांनी आदी मांडवाचे खांब हलवून बगितले, मंग माज्याकरं बगितला.”

आडनाव सांगितल्यावर घर “कालच गेलं” असं ऐकायची आम्हाला सवय होती. म्हसळ्याहून बदली होऊन आले तेव्हा दोन महिन्यांत चार घरं अशी काल गेली होती. काकांनी आडनाव विचारलं, आम्ही सांगितलं, आणि ते म्हणाले, बरं, कपडे वाळत घालायला गच्चीची दोरी धाकट्या खांबाला बांधू नका. मी मनात म्हटलं, बघू, अजून तसबीर कुठे लागलीय. राहायला गेल्यावर पहिल्याच रविवारी बुद्धाची तसबीर लावायला नवऱ्यानं हातोडी उचलली, आणि पहिल्या ठोक्याला काका धावत वर आले. धापा टाकत होते. मी कंबरेला पदर खोचला आणि भांडायची तयारी केली. काकांनी तसबिरीकडे बघितलं, खिळ्याकडे बघितलं, आणि कळवळून म्हणाले की एवढा लांब खिळा? मग अर्धा तास भिंत वाजवत त्यांनी एक जागा शोधली, बोटभर खिळा स्वतः ठोकला, आणि त्याच्या भोवती मेण भरलं, वारा आत जाऊ नये म्हणून. जाताना तसबीर सरळ आहे का ते दारातून पाहिलं, परत आले, डावीकडून जरा वर केली. माझी भांडणाची तयारी तशीच वाया गेली.

पण ह्या सगळ्यापेक्षा लोक त्यांना ओळखायचे ते एका गोष्टीसाठी. काका भिंत चाखायचे.

खोटं नाही सांगत. ओल आलेल्या भिंतीवर पांढरा लोणा धरतो ना, तो ते नखानं खरवडून जिभेवर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. पाणी पावसाचं, टाकीचं की मोरीचं, हे चवीवरून सांगायचे. पावसाचं पाणी गोडं लागतं, टाकीचं गंजकट, मोरीचं साबणासारखं तुरट. आणि त्यांचं बरोबर निघायचं. माझी आई म्हसळ्याहून राहायला आली होती तेव्हा तिनं हा प्रकार पाहिला. मी स्वयंपाकघरात. ती आत आली, माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, “बाय गो, ह्या म्हाताऱ्याला घरात जेवाय घालीत न्हाय का कोन?” मी हसून हसून ओट्याला टेकले. आईनं मात्र त्या दिवशी त्यांना बसवून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली, आणि ते पोटभर जेवले. घरी जेवून आलोय हे काही सांगितलं नाही.

तक्रार करणाऱ्या भाडेकरूवर मालक चिडतात. काका तक्रार न करणाऱ्यावर चिडायचे. दुसऱ्या मजल्यावर एक शांत जोडपं होतं, दोघंही नोकरीला, वर्षभर हूं की चूं नाही. काकांना त्यांची सतत काळजी. “जो बोलत नाय ना, त्याच्या घरात काय तरी फुटलेला असतो,” असं ते मला म्हणाले होते. ते त्यांनी मोरीबद्दल म्हटलं होतं. पुढे ते जोडपं वेगळं झालं, तेव्हा मला ते वाक्य आठवलं, पण काका जिन्यात फक्त एवढंच म्हणाले की मोरीची जाळी खरंच फुटलेली निघाली.

माझ्या नवऱ्यानं तक्रारींसाठी व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला. भेग पडली, फोटो टाका. काकांच्या मोबाइलवर त्यांच्या मुलानं तो बसवून दिला. आठवडाभरानं काका मोबाइल घेऊन वर आले आणि म्हणाले, हे बंद कर बाला, फोटोची चव कशी बगू? ग्रुप राहिला, त्यावर आम्ही एकमेकांना सणाच्या शुभेच्छा पाठवत बसलो.

एकदा श्रावणात आमच्या स्वयंपाकघराच्या छतातून थेंब पडायला लागले. काका आले, खुर्ची मागितली आणि ओट्याकडे तोंड करून बसले. मला वाटलं दम खातायत. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. हलेनात. मला चाचणीचे पेपर तपासायचे होते आणि घरात परका पुरुष मख्खासारखा बसलेला, राग आला मला. शेवटी म्हटलं, काका, काही करणार आहात का? तर म्हणाले की करतोय ना, थेंब बघतोय. पाणी जिथे पडतं तिथे ते आलेलं नसतं, लांबून चालत येतं, आणि चालत येणारं माणसाच्या घाईला जुमानत नाही. मिठागरात म्हणे अर्धं आयुष्य बसून बघण्यातच जातं. भरतीला खाडीचं पाणी आत घ्यायचं, उन्हाला द्यायचं आणि बघायचं. आज मीठ धरेल की उद्या, हे पाणी सांगतं, मालक नाही. शेवटी मीही लाल पेन हातात धरून छताकडे बघत बसले. पाऊण तासानं त्यांनी बोट केलं. पंख्याच्या आकड्यापासून एक बारीक ओली रेघ सरकत येत होती. वर जाऊन त्यांनी ड्रायव्हरच्या गॅलरीतली एकच फरशी उचलली आणि गळती थांबली. एवढा वेळ एका थेंबासाठी देणारा माणूस मी नंतर पाहिला नाही.

आम्ही सगळे त्यांना वेडा म्हणायचो. प्रेमानं, पण वेडाच. यार्डातले लोक नवऱ्याला विचारायचे, काय, तुमचा शेठ भिंत चाटून गेला का? आणि आम्हीही हसायचो.

नववं वर्ष लागलं तेव्हा आमची पोरगी सातवीत होती. पावसाळा संपला, काका नेहमीप्रमाणे काठी घेऊन फिरले, आणि त्या वर्षी खडूचे गोल थांबेचनात. आमच्याच घरात अकरा. त्यांतले चार पोरीच्या खाटेवर, छताला. स्टुलावर चढून काकांनी तिथला लोणा खरवडला, जिभेवर ठेवला, डोळे मिटले. नेहमी डोळे उघडल्यावर ते पाण्याचं नाव सांगायचे. त्या दिवशी स्टूल जागेवर ठेवलं आणि चपला न घालताच खाली गेले. पोरगी त्यांच्या मागे चपला घेऊन धावली.

चार दिवस काका वर आले नाहीत. पाचव्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांना जिन्यापाशी बोलावलं. खालच्या पायरीवर उभं राहून ते म्हणाले की दिवाळीच्या आधी सगळ्यांनी घरं रिकामी करा. का, तर इमारतीला मीठ लागलंय. बस, एवढंच.

मग जे झालं ते सांगायला मला आवडत नाही. गलका उठला. ड्रायव्हर म्हणाला, बिल्डरला दिली असणार जागा. कुणी म्हणालं, बाजूच्या इमारतीही खाडीच्याच काठी आहेत, त्यांना नाही लागलं मीठ? कुणी म्हणालं, गिलावा करून घ्या की, आम्ही कुठे नाही म्हणतो. मी मुलांच्या परीक्षा, पोरीची शाळा, पुन्हा दारोदार आडनाव सांगत फिरणं, हे सगळं एका क्षणात डोळ्यांसमोर आणलं आणि माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांच्या पुढे होऊन म्हणाले, “काका, मिठाचं नाव कशाला घेता? नऊ वर्षांनी आमचं आडनाव आठवलं, असं सरळ सांगा ना.”

बाकीच्या पाच घरांची आडनावं वेगळी होती आणि घर त्यांनाही सोडायला सांगितलं होतं, म्हणजे माझ्या बोलण्याला काही अर्थच नव्हता. ते मला बोलतानाच कळत होतं. पण जुनी जखम असते ना, ती अर्थ बघून वाहत नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी काय म्हणाले ते त्यांना बहुधा आधी कळलंच नाही, आणि मग कळलं. ते वळून घरात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभे. भिंत मोकळी आहे का, ते विचारलं नाही. म्हणाले, पोरीची खाट सरकव. मी सरकवली. त्यांनी छताला, त्या चार गोलांच्या मधोमध काठी मारली. जोरात नाही. ताटाएवढा तुकडा खाली आला, जिथे पोरगी डोकं ठेवायची बरोबर तिथे, फरशीवर. वर लोखंडाची सळी उघडी पडली. सळी कसली, नुसती पापडी. काकांनी स्टुलावर चढून ती चिमटीत धरली आणि चिमटीत तिचा चुरा झाला. तो लाल चुरा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला.

मग ते पहिल्यांदा माझ्या घरात खाटेवर बसले आणि त्यांनी सांगितलं. इमारत बांधताना रेती खाडीची वापरली होती. तशी तिकडे सगळ्यांनीच वापरली, पण गवंडी म्हणाला होता की गोड्या पाण्यानं दोनदा धुऊन घ्या, नाहीतर तिच्यातल्या मिठानं सळ्या गंजतील. तेव्हा गावात गोडं पाणी एक दिवसाआड यायचं. बायका रांगेत हंडे घेऊन भांडायच्या. ते पाणी रेतीवर ओतायचं काकांच्या जिवावर आलं. आणि खरी गोष्ट त्याहून वेगळी होती, ती त्यांनी मान खाली घालून सांगितली. मिठाची त्यांना भीतीच वाटली नाही. ते म्हणाले, “तीन पिढ्या मिठानं आमाला खायाला घातला. मना वाटला, मीठ माजा घर कसा खाईल?”

मी विचारलं, तुम्हाला हे कळलं कधी?

“पयल्याच वर्सी. जिन्याखालची भिंत चाखली. पानी बाहेरचा नव्हता, बाय. मीठ आतूनच येत होता.”

म्हणजे एवढी वर्षं ते भिंती वाजवत फिरत होते ते उगीच नव्हतं. खिळ्याभोवती मेण, थेंबासमोर बसणं, एकेका फरशीमागे धावणं, हे सगळं ते आपल्याच हातची चूक थोपवून धरायला करत होते. आणि ते आठ दिवस. दुसऱ्याचं लेकरू झोपायच्या आधी प्रत्येक छताखाली ते स्वतः झोपून बघत होते. आम्ही ज्याला वेड म्हणून हसलो ती भीती होती, आणि ती त्यांनी एकट्यानं वागवली. मला त्यांचा खूप राग आला, हेही खरं सांगते. माझी पोर नऊ वर्षं त्या छताखाली झोपली. मी तसं म्हणालेही. मग बोलला का नाहीत, असं विचारलं. ते म्हणाले की वाटलं होतं, सांभाळून नेईन. बांध फुटायला लागला की माणूस आधी चिखल लावतो, गावाला हाक नंतर मारतो. तसं झालं. हाक मारायला उशीर झाला. आडनावाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत, आणि मीही नाही.

त्यांचा मुलगा नव्या मुंबईत राहायचा, त्याचे दोन ट्रेलर होते. तो त्याच आठवड्यात आला. वाईट माणूस नव्हता, पण त्याचं डोकं वेगळं चालायचं. बाबा, टेन्शन काय घेता, केमिकल मारून घेऊ, पाच वर्षं बघायला नको, असं म्हणत होता. एक इंजिनीअरही आणला त्यानं. इंजिनीअरनं तीन ठिकाणी फोडून पाहिलं आणि आता मलम लावून उपयोग नाही, असं सांगून चहा न घेता गेला. मुलगा म्हणाला, अख्ख्या पट्ट्यात खाडीचीच रेती आहे, मग काय सगळंच पाडायचं का? आजही त्या बाजूनं जाताना मी इमारतींच्या छज्ज्यांकडे बघते.

दिवाळीच्या आत आम्ही सगळे निघालो. मला घर मिळालं, दोन “कालच गेलं” ऐकल्यावर. एक सांगते, त्यातलं दुसरं ऐकताना मला रडू आलं ते त्या माणसामुळे नाही, काकांमुळे. सामान भरताना ते प्रत्येक टेम्पोपाशी उभे होते, पण माझ्याशी नजर मिळवत नव्हते. मीही घाई दाखवली. माफी मागायची होती. ती तोंडापर्यंत यायची आणि मी दोरी आवळा, भांडी वर ठेवा, असलं काहीतरी बोलायची.

महिन्याभरानं काकूंचा फोन आला. आवाज घाबरलेला. मुलानं रिकाम्या घरांचा सौदा केला होता. रस्त्याच्या कामावर बाहेरून मजूर येणार होते, त्यांच्या ठेकेदाराला दोन्ही मजले द्यायचे ठरले. ठेकेदाराला छत बघायचं नव्हतं, फक्त किती माणसं मावतात ते विचारायचं होतं. एकेका घरात दहा-बारा. माणसं उद्या येणार होती. काकांनी मुलाला सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं. मुलगा म्हणाला, ते लोक तक्रार करत नाहीत बाबा, त्यांना चालतं. काकू मला म्हणाल्या, “बाय, तू ये. तुजा आयकतील. ह्यांनी घन काढलाय.”

मी शाळा सुटल्यावर तशीच गेले. वाटेत मनाशी ठरवलं, लोणच्याची बरणी गच्चीवर राहिलीय, ती न्यायला आले असं म्हणेन. खरंच राहिली होती, उन्हात ठेवलेली. ते म्हणता म्हणता दुसरंही बोलून टाकेन. त्या दिवशी त्यांच्यापुढे मी जे बोलले त्याचं.

अंगणात काकू डोक्याला हात लावून बसल्या होत्या. जिन्यात धूळच धूळ. काका बनियनवर, केसांवर पांढरं, हातात घण. पहिल्या टप्प्याच्या वरच्या तीन पायऱ्या त्यांनी तोडल्या होत्या. सळ्या आतून गेलेल्याच, दोन घाव घातले की पायरी खाली येत होती. वरच्या मजल्यांवर घरांची दारं बंद होती, आणि त्यांच्यापर्यंत जायची वाट तुटत चालली होती. ज्या माणसानं त्या जिन्याची साधा टवकाही उडू दिला नव्हता, तो जिना तोडत होता. सत्तरीचा माणूस. प्रत्येक घावानंतर भिंतीला टेकून श्वास घेत होता.

काकूंनी मला आणलं होतं ते त्यांना थांबवायला. मी उभी राहिले, आणि थांबवावं असं मला एकदाही वाटलं नाही.

काकांनी मला पाहिलं. घण खाली टेकवला. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा नजरेला नजर दिली. मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, “बाय, तुजा काय वर राहिलाय का? सांग. अजून भिंत धरून जाता येतो. मी आनून देतो.”

बरणी वर होती. ते गेले असते. त्या तुटक्या पायऱ्यांवरून, भिंतीला धरून, सत्तरीच्या पायांनी, ज्या बाईनं सगळ्यांसमोर तसं बोलून दाखवलं तिच्या लोणच्यासाठी ते नक्की गेले असते.

“नाही काका,” मी म्हणाले. “माझं वर काही नाही राहिलं.”

“मंग बरा,” ते म्हणाले. हातानं मला मागे, अंगणात, काकूंच्या पलीकडे व्हायला सांगितलं. मी पुरेशी लांब गेले का ते वळून पाहिलं, आणि मग घण उचलला.